कॉम्प्रेशन स्लीव्ह किंवा मोजे घेताना या चुका टाळा

आईच्या काखेतल्या लसिका ग्रंथी ऑपरेशनमध्ये काढल्या आणि दोन वर्षांनी तिचा डावा हात सुजायला लागला. पहिली स्लीव्ह, म्हणजे सुजेवर दाब देणारी घट्ट लवचीक बाही, आणायला आम्ही नाशिकच्या गोळे कॉलनीत गेलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. दुकानदाराने ब्लाऊजच्या बाहीवरूनच दंडाला इंचपट्टी लावली आणि म्हणाला, "मीडियम बसेल." आम्हीही मान डोलावली. पंधरा दिवसांत ती स्लीव्ह कपाटात गेली.

पहिली चूक वेळेची. दिवसभर सूज चढते, संध्याकाळी घेतलेलं माप फुगलेल्या हाताचं असतं. माप सकाळीच द्यायचं. त्याहून मोठी चूक म्हणजे सूज न उतरवताच माप दिलं. सूज उतरवायचं काम बँडेजचं, उतरलेली टिकवायचं काम स्लीव्हचं. लिम्फेडेमाचं, म्हणजे लसिकेचं पाणी साठून येणाऱ्या या सुजेचं, प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट काही आठवडे कमी ताणाचं बँडेज थरांनी बांधतो, हलका मसाज देतो, व्यायाम करून घेतो. घरातलं क्रेप बँडेज त्या कामाचं नाही. हाताची सूज आणखी उतरायची थांबली की मग माप. आईच्या फिजिओने मनगटापासून वर दर 4 सेंटीमीटरला पेनाने ठिपका काढला आणि प्रत्येक ठिपक्यावर पट्टी फिरवली. 'मीडियम' हा शब्द तिने उच्चारलाही नाही.

आमची स्लीव्ह मनगटाशी संपत होती. हातमोजा घेतलाच नव्हता. आठवड्यात तळहाताची मागची बाजू पावासारखी फुगली, कारण वरून दाबलेलं पाणी खाली सरकलं. पंजावर थोडी जरी सूज असेल, तर बोटांपर्यंतचा हातमोजा लागतोच. शिवाय स्लीव्ह लांब पडते म्हणून आई वरची कड दुमडायची. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो, दंडाला दोरी आवळल्यासारखा वळ उठतो. लांबी चुकली तर बदलूनच घ्या.

दाबाच्या बाबतीत 'क्लास टू द्या' एवढं सांगून भागत नाही. जर्मन मानकात क्लास 2 म्हणजे 23 ते 32 मिलिमीटर पारा, ब्रिटिश मानकात 18 ते 24. डबीवरचा आकडा वाचा आणि तोच चिठ्ठीवर लिहून घ्या. दवाखान्यात पडून असलेल्या पेशंटला घालतात ते पांढरे मोजे चालत्या-फिरत्या माणसाच्या जुनाट सुजेसाठी नसतात. सूज जास्त असेल, वळ्या पडत असतील, तर शिवण असलेलं जाड विणीचं कापड घ्या. बिनशिवणीचं पातळ कापड वळीत रुततं.

पायाचे मोजे घेण्याआधी एक तपासणी चुकवू नका. मधुमेह असेल, तंबाखू-सिगारेट असेल, चालताना पोटऱ्या दुखत असतील, तर डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा बीपी ताडून बघतात. घोट्याचा बीपी भागिले दंडाचा बीपी हे गुणोत्तर 0.5 च्या खाली असेल, तर दाब द्यायचाच नाही. हृदय कमजोर असेल तरी आधी विचारा. एकच पाय अचानक सुजला, किंवा लाल-गरम होऊन ताप आला, तर दुकान नव्हे, दवाखाना गाठा.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचं ऊन माहीतच आहे. घामाने खाज सुटते आणि लोक 'उन्हाळ्यापुरतं' म्हणून घालणं सोडतात. सूज उन्हाळ्यातच जास्त चढते. दोन जोड ठेवा, एक अंगावर, एक धुण्यात. सौम्य साबण, पिळायचं नाही, गच्चीवरच्या उन्हात तर अजिबात नाही, इलास्टिक मरतं. चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, पकड मिळते आणि नखं लागत नाहीत. तेल-क्रीम रात्री लावा. फिजिओने सांगितलं नसेल, तर दिवसाची स्लीव्ह झोपताना काढा. साधारण सहा महिन्यांनी ताण जातो, तेव्हा नवं माप.

आणि ती पहिली स्लीव्ह? आईने नीट घडी करून ठेवली आहे. परवा शेजारच्या काकूंच्या पायाला सूज आली, तर ही निघाली ती द्यायला. "अगं, हाताची आहे ती," मी म्हटलं. "नवीकोरी आहे रे," ती म्हणाली.