ॲपच्या आकड्यावर शेरवानी शिवू नका

"दाजी, ॲप म्हणतंय डिसेंबरात मी 78 भरणार."

गणपती उठून आठवडाही झाला नव्हता तेव्हा मेहुण्याने कॅलरी मोजायच्या ॲपचा हा स्क्रीनशॉट पाठवला. वजन 88 किलो, लग्न दहा आठवड्यांवर. मी "बघू" एवढंच लिहिलं. त्याने ते आशीर्वादासारखं घेतलं असावं, कारण पुढच्याच रविवारी तो शिंप्याकडे गेला आणि शेरवानीची कंबर आत्ताच्या मापापेक्षा तीन इंच कमी लिहायला लावली.

मी सहा वर्षं खाण्याची नोंद ठेवतोय. त्यामुळे नात्यातलं, ऑफिसातलं कुणीही कॅलरीचं ॲप टाकलं की पहिला फोन मला येतो आणि तीन आठवड्यांनी "ॲप खोटं बोलतं" हा दुसरा फोनही मलाच. ॲप खोटं बोलत नाही. आपण सांगितलं त्याचा ते भागाकार-गुणाकार करतं.

एका दिवसावरून पाच आठवडे

दिवसाची नोंद बंद केली की काही ॲप सांगतात, रोज आजच्यासारखंच खाल्लंत तर पाच आठवड्यांत तुमचं वजन इतकं. यात आजची तूट (खर्चापेक्षा जितक्या कॅलरी कमी खाल्ल्या त्या) गुणिले 35, भागिले 7700 एवढंच होतं. लोक हा पडदा नेमका एकादशीला बघतात. दिवसभर पाणी आणि एक केळं, की लगेच पाच आठवड्यांत सात किलो! पारण्याच्या दिवसाचा स्क्रीनशॉट मला आजवर कुणी पाठवलेला नाही. (साबुदाण्याची खिचडी खाऊन एकादशी करणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.) काही जण तर संध्याकाळी सातला, जेवायच्या आधीच दिवस बंद करतात.

हा 7700 आला कुठून? मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरने 1958 मध्ये हिशोब मांडला की एक पौंड वजन म्हणजे 3500 कॅलरी. किलोत तेच साधारण 7700. थोड्या आठवड्यांसाठी हे चालून जातं. पण वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो, आणि सरळ रेषेला ते माहीत नसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जास्त खरा ठोकताळा दिला : रोजच्या खाण्यात कायमच्या कमी केलेल्या दर 24 कॅलरींमागे शेवटी एक किलो, त्यातलं निम्मं वजन उतरायला सुमारे एक वर्ष आणि जवळजवळ सगळं उतरायला तीन. म्हणजे रोज 240 कमी केल्या तर जुना हिशोब वर्षाला 11 किलोंवर दाखवतो, हॉलचा पाचच्या आसपास. कुणाला तारीखच हवी असेल तर मी त्याच संस्थेचं फुकट मिळणारं बॉडी वेट प्लॅनर उघडून देतो. बघून बहुतेकांचा चेहरा पडतो. पडू दे.

कोरे दिवस

मेहुण्याचा पहिला आठवडा जोरात गेला. 1.8 किलो उतरले. खाणं एकदम कमी केलं की शरीरातली ग्लायकोजेनची, म्हणजे साखरेची, साठवण रिकामी होते आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी जातं. हे मी त्याला सांगितलं. त्याने उत्तरादाखल दंडाचा फोटो पाठवला.

मग दिवाळी आली, आणि दिवाळीपाठोपाठ केळवणं. आत्याकडे, मोठ्या मावशीकडे, आईच्या भिशीतल्या बायकांकडे. एकूण आठ. पुरणपोळीवर तूप घालणारा हात नवरदेवाला बघून थांबत नाही. दहा आठवडे झाले तेव्हा काट्यावर 84.6 होते. तो चिडून माझ्याकडे फोन घेऊन आला, "रोज 1700 च्या आत आहे, बघा तुम्हीच." मी बघितलं. खरंच होतं, रोज 1700 च्या आत. फक्त केळवणाचे आठही दिवस कोरे, आणि फराळाचे चार.

"हे काय?"

"तिथं काय टाकणार दाजी? आत्याने काय काय वाढलं ते लक्षात तरी राहतं का?"

कोरा दिवस सरासरीत धरलाच जात नाही. म्हणजे जे दिवस सगळ्यात जड, तेच हिशोबातून बाहेर. माझी सवय सांगतो, तिला शास्त्र म्हणू नका : पंगत, लग्न, केळवण काहीही असो, मी त्या जेवणाच्या नावाने डोळे मिटून 1500 टाकतो. चुकलं तर दोन-तीनशेने चुकेल. कोरं सोडलं तर पंधराशेने चुकतं.

शेरवानी वाचली ती शिंप्यामुळे. त्याने दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवली होती. "नवरदेव केळवणाच्या दिवसांत बारीक झालेला मी अजून बघितला नाही," म्हणाला, आणि शिवण उसवायला घेतली.

तेल

यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. एक वाटी वांग्याची भाजी, टाकली नोंद, झालं. कुणाची वाटी? माझ्याच घरात दोन मापांच्या आहेत. आणि ती नोंद ज्या अनोळखी माणसाने ॲपमध्ये चढवली, त्याच्या घरी फोडणी कशी पडते?

एकदा मी आमची फोडणीची पळी काट्यावर ठेवून भरली. 32 ग्रॅम. एक ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी, तर एक पळी 288. बायको म्हणाली, "आता जेवायचं की मोजायचं?" तेव्हापासून मी पळी मोजत नाही, डबा मोजतो. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर ते साधारण साडेचार किलो. माणशी दिवसाला 38 ग्रॅम, म्हणजे 340 कॅलरी. तळणाचं उरलेलं वजा करा हवं तर. मी माझ्या वाट्याचा हा आकडा रोज सकाळीच नोंदवून टाकतो आणि भाज्या बिनतेलाच्या लिहितो. घरात कुणाला काही विचारावं लागत नाही.

"मी तर काहीच खात नाही" म्हणणाऱ्यांवर 1992 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेली माणसं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी खाणं सांगत होती. ती सगळी लबाड नव्हती. त्यांच्याही घरी पळी असणारच.

बाकीच्या चुका, भराभर

बैठी नोकरी आणि आठवड्यात तीनदा जिम म्हणजे "मध्यम सक्रिय" नव्हे. मेहुणा 170 सेंटिमीटर, वय 29. वजन, उंची, वयावरून खर्च काढणाऱ्या मिफ्लिन-सेंट जॉर सूत्राने त्याचा नुसतं पडून राहिल्याचा खर्च साधारण 1800. त्याला "बैठं"च्या 1.2 ने गुणलं तर 2160, "मध्यम सक्रिय"च्या 1.55 ने गुणलं तर 2790. एका बटणात 630 कॅलरींचा फरक, आणि त्याने अर्थातच वरचं बटण दाबलं होतं.

हातातल्या स्मार्ट घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी "कमावल्या" म्हणून खाऊ नका. स्टॅनफर्डच्या 2017 च्या तपासणीत सात उपकरणांपैकी सगळ्यात चांगलंही खर्चाच्या आकड्यात सरासरी 27 टक्के चुकत होतं.

तांदूळ कच्चा तोलून नोंद शिजलेल्या भाताची करू नका. शंभर ग्रॅमला कच्चा 350, शिजलेला 130.

लग्नाच्या पंगतीनंतरच्या सकाळी काट्यावर चढून रडू नका, ते मीठ आणि पाणी आहे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता कॅलरीचं टार्गेट खाली ओढू नका.

मग खरा आकडा कुठला?

स्वतःचा. पण त्याला चार आठवडे लागतात, आणि तिथेच निम्मे लोक गळतात. रोज सकाळी वजन, रोज नोंद, आपल्या नेहमीच्या चुकांसकट. मग पहिल्या आठवड्याची वजनाची सरासरी वजा चौथ्या आठवड्याची. समजा 0.6 किलो उतरले. गुणिले 7700, भागिले 21, म्हणजे रोजची तूट 220. नोंदीची सरासरी 1700 असेल तर माझ्या मोजण्याच्या पद्धतीने माझा खर्च 1920. ॲप 2350 म्हणत असेल तर म्हणू दे. यात गंमत अशी की मी रोज सारखंच कमी लिहीत असलो तरी ती चूक या 1920 मध्ये आपोआप मुरते. मोजायची पद्धत मध्येच बदलली, तेलाचा डबा एक आठवडा धरला आणि एक आठवडा सोडला, तर मात्र पुन्हा पहिल्यापासून. आणि हे चार आठवडे मी सुरुवातीचे दहा दिवस सोडून मगच मोजायला घेतो, ते दहा दिवस पाण्याचे असतात.