काँक्रीट ब्लॉकचा उंच वाफा: सारा भार पहिल्या थरावर

गवंड्याच्या दृष्टीने वाफ्याची भिंत हे किरकोळ काम असले, तरी तिला दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात: आतल्या ओल्या मातीचा रेटा सोसायचा आणि त्याच मातीतले जादा पाणी मात्र कोंडू द्यायचे नाही. या कामासाठी ४० × २० × २० सेंटिमीटर मापाचे पोकळ काँक्रीट ब्लॉक उत्तम. हलके एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक छिद्रांनी भरलेल्या काँक्रीटचे) उचलायला सोपे वाटतात, पण ते पाणी शोषून घेतात आणि त्यांच्या कडा झडतात, म्हणून ओल्या मातीला लागून ते वापरू नयेत. राखेचे जुने किंवा रंग दिलेले ब्लॉक कोठून आले हे ठाऊक नसेल, तर भाजीच्या वाफ्याला तेही टाळावेत.

बाहेरून २.४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद असे माप धरले, तर एकही ब्लॉक तोडावा लागत नाही. पहिल्या थरात लांब बाजूंना प्रत्येकी ६ आणि त्यांच्या मध्ये बसणाऱ्या आखूड बाजूंना प्रत्येकी २ ब्लॉक लावावेत. दुसऱ्या थरात आखूड बाजू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३ ब्लॉकच्या कराव्यात आणि लांब बाजूंना ५ ब्लॉक लावावेत. प्रत्येक थराला १६, म्हणजे दोन थरांना ३२ ब्लॉक लागतात आणि सांधेमोड, म्हणजे वरचा उभा सांधा खालच्या सांध्यावर न येणे, आपोआप साधते. रुंदी याहून वाढवू नये, कारण काठावरून वाकल्यावर हात सुमारे ६० सेंटिमीटरच आत पोचतो आणि मधल्या रोपासाठी वाफ्यात पाय टाकला की भुसभुशीत माती दबलीच.

आखणी दोरीने करावी आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर वाफा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. भिंतीखाली ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल चर खणून त्यात १० सेंटिमीटर मुरूम किंवा बारीक खडी भरावी, पाणी शिंपडून ती धुमसाने ठोकावी. उरलेल्या ५ सेंटिमीटरमध्ये पहिला थर रुतून बसतो आणि त्याचा तळ बाहेर सरकत नाही.

या पहिल्या थराला निम्मा दिवस लागला तरी लागू द्यावा. दोन कोपऱ्यांचे ब्लॉक आधी बसवून त्यांच्यामध्ये दोरी ताणावी आणि मधला प्रत्येक ब्लॉक रबरी हातोड्याने ठोकत दोरीशी जुळवावा. पातळी पाहण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरणार असाल, तर नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करा. एका बुडबुड्याने कोपरा सहज बोटभर चुकतो. खालचा ब्लॉक डुगडुगत असेल, तर त्याखाली चिपा सरकवून वेळ मारून नेऊ नये. तो काढून खालची खडी पुन्हा सारखी करावी.

दोनच थर असतील तर सिमेंटशिवाय रचूनही चालते, फक्त सिमेंटच्या सांध्यांची जाडी नसल्याने वाफा काही सेंटिमीटरने लहान भरतो. मात्र चारही कोपऱ्यांच्या पोकळीतून १२ मिलिमीटरची सळई जमिनीत ठोकून ती पोकळी काँक्रीटने भरावी. सिमेंटने जोडायचे असल्यास १ भाग सिमेंटला ६ भाग वाळू घ्यावी, खालच्या थरात साधारण दर मीटरला एक उभा सांधा पाण्यासाठी मोकळा सोडावा आणि बांधकामाला आठवडाभर पाणी मारावे.

तळाशी निचऱ्यासाठी खडी पसरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहते आणि मुळे नेमकी त्या चिखलात सापडतात. त्यापेक्षा आतली मूळ जमीन कुदळीने वीतभर खणून मोकळी करावी आणि नवी माती थेट तिच्यावर टाकावी.

भिंतींची जाडी आणि जमिनीत रुतलेले ५ सेंटिमीटर वजा जाता आत २ × ०.८ × ०.३५ मीटर, म्हणजे ०.५६ घनमीटर जागा उरते. तीत २ भाग चांगली माती आणि १ भाग कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट काठोकाठ भरावे. माती पायाने दाबू नये. पाणी दिल्यावर ती स्वतःच खाली बसते, मग वरून भर घालावी.

नव्या काँक्रीटमधून चुना झिरपतो आणि लगतची माती अल्कधर्मी होते. भिंतीजवळच्या रोपांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर मुळांना लोह मिळत नाही असे समजावे, तिथे कंपोस्ट वाढवावे आणि आम्लधर्मी माती लागणारी झाडे या वाफ्यात लावूच नयेत.