सेल्फ-वॉटरिंग कुंडी: सोलापूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

खालच्या टाकीत पाणी आहे आणि रोपाने मात्र मान टाकली आहे? आधी वात, म्हणजे टाकीतलं पाणी वर मातीत ओढणारा दोरा, तपासा.

सोलापुरात सुती दोरा सहज मिळतो, म्हणून तोच वात म्हणून लावला जातो. पण मागावरच्या सुताला खळ असते आणि कोऱ्या कापसात मेणाचा अंश. दोन्ही पाणी अडवतात. दोरा चमचाभर धुण्याचा सोडा घालून 20 मिनिटं उकळा, खळखळून धुवा आणि ओलाच लावा. जुन्या टॉवेलची बोटभर रुंद पट्टी त्याहून उत्तम, कारण धुऊन धुऊन तिची खळ गेलेली असते. एक टोक टाकीच्या तळाला टेकू द्या, दुसरं मातीत निम्म्या उंचीपर्यंत न्या. सुती वात कुजते, दर दोन-तीन महिन्यांनी ओढून बघा.

कोरड्या मातीत वात चालतच नाही. पहिल्या दिवशी तळातून निथळेपर्यंत वरून पाणी घाला. नुसती काळी माती तर नकोच: ओली असताना मुळांना हवा मिळत नाही आणि वाळली की भेगा पडून ती वातीपासून सुटते. माती, कोकोपीट आणि कुजलेलं शेणखत समप्रमाणात घ्या. निवडुंग आणि अडेनियमला ही कुंडी देऊ नका.

टाकीऐवजी पाण्याची बाटली मातीत उलटी खोचणाऱ्यांची तक्रार वेगळी: सकाळी भरली, दुपारी रिकामी. उन्हात बाटलीतली हवा तापून फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. बाटली जितकी रिकामी, तितका हा जोर जास्त. तिला पांढरं कापड गुंडाळा, कुंडी सावलीत सरकवा.

काही जण मातीत पाणी झिरपवायला टेराकोटाची (भाजलेल्या मातीची) नळी खोचतात; बोअरच्या जड पाण्याने तिच्यावर पांढरा थर चढतो, छिद्रं बुजतात. एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी यात रात्रभर भिजवून घासा. खालून पाणी पिणाऱ्या कुंडीत क्षार वरच्या मातीत साठतात आणि पानांच्या कडा करपतात. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून टाकीत उतरलेलं पाणी ओतून द्या. टाकीच्या तोंडाला जाळी हवीच, नाहीतर डास होतात.

गावाला जायचंय? आधी दोन दिवस टाकीवर खूण करून पाहा. दोन दिवसांत एक लिटर उतरलं तर पाच लिटरची टाकी दहा दिवसांची दिसते. तळाचं पाणी वात नीट ओढत नाही, म्हणून आठच धरा.