संस्थेतल्या आजारी माणसाला भेटायला जाताय? या चुका टाळा

लकव्यानंतर माझी आई जळगावबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात चौदा महिने होती. मी अमळनेरहून जायचे, कधी रेल्वेने, कधी एसटीने. 'आईला आश्रमात टाकलं' हे नातेवाइकांचं बोलणं कानात असायचं, म्हणून दोन तासांच्या भेटीत सगळं भरून काढायची घाई व्हायची. माझ्या बहुतेक चुका त्या घाईतच झाल्या.

सगळ्यात धोक्याची चूक खाऊ घालण्याची. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. मी भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन गेले. दोन घास भरवले आणि आडव्या आईच्या तोंडाला पाण्याचा ग्लास लावला. तिला असा ठसका लागला की ओठ निळसर पडले. तिथल्या मावशींनी धावत येऊन तिला पुढे वाकवून बसवलं, म्हणून निभावलं.

लकव्यात हातपायांसारखी घशाचीही ताकद जाऊ शकते. पाण्यासारखं पातळ काही पटकन घसरतं आणि श्वासनलिकेत उतरतं. काहींना तर ठसकाही लागत नाही, नंतर न्यूमोनियाच होतो. म्हणून डबा उघडण्याआधी सिस्टरला विचारा. परवानगी असेल तर माणसाला सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली घ्या, छोट्या चमच्याने भरवा. आधीचा घास गिळलेला दिसल्याशिवाय पुढचा नको. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नका. आणि घरच्या बागेतली म्हणून केळी नेताना किडनीचा त्रास नाही ना, हे आधी विचारा. केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, आजारी किडनीला ते झेपत नाही.

पुढे मी भरीत नेत राहिले, पण वासापुरतं. डबा उघडून आईच्या नाकाशी धरायचे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा तो धुरकट वास आला की ती डोळे मिटून घ्यायची. सिस्टरच्या परवानगीने बोटाच्या टोकाएवढं जिभेला लावायचे. तिला तेवढं पुरायचं.

दुसरी चूक सगळेच करतात. खाटेजवळ जाऊन विचारतात, "मला ओळखलंस का?" विसराळूपणाच्या आजारात ही परीक्षा असते आणि नापास झालेला माणूस दिवसभर कावराबावरा राहतो. आपणच नाव आणि नातं सांगावं. मी डोळ्यांच्या पातळीवर खुर्ची ओढून बसायचे, हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "माय, मी तुनी धाकली. आठेच शे." म्हणजे, मी तुझी धाकटी, इथेच आहे. आमची अहिराणी बोली कानावर पडली की तिचा चेहरा सैल व्हायचा.

"मला घरी ने" याचं उत्तर देताना मी फार चुकले. आधी खोटं सांगितलं, "पुढच्या आठवड्यात नेते." ते तिच्या बरोबर लक्षात राहिलं. मग समजवायला गेले, घरी पाहायला कोण आहे, दवाखान्याचा खर्च किती. ती भिंतीकडे वळून झोपली. शेवटी एकदा नुसतं विचारलं, "घरी जाऊन काय करायचंय माय?" तर ती माहेरच्या विहिरीबद्दल, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्याबद्दल बोलत बसली. तिचं 'घर' साठ वर्षांपूर्वीचं होतं, तिथे मी तिला कशी नेणार? पण ऐकून घेता येत होतं.

आखाजीला दोन गाड्या भरून नऊ जणांनी एकदम जाऊ नका. एका वेळी दोघं पुरेत, बाकीच्यांनी वार वाटून घ्यावेत. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नये. वेळही फोन करून ठरवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे गेल्यावर भर दुपारी पोचाल तर माणूस गळून झोपलेला असतो, आणि विसराळूपणात संध्याकाळी गोंधळ वाढतो. आम्हाला सकाळी नऊ-दहाची वेळ मानवली.

तक्रार असेल तर मावशींवर ओरडू नका, पण डोळे उघडे ठेवा. टाचा आणि माकडहाड स्वतः बघा. दाबल्यावर लाली जात नसेल तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात असू शकते, त्याच दिवशी सिस्टरला दाखवा आणि कूस किती वेळाने बदलतात ते विचारा.

उशाशी उभं राहून 'आता किती दिवस काढेल', शेताच्या वाटण्या, असलं कुजबुजू नका. डोळे मिटलेल्या माणसालाही ऐकू येत असतं, असंच धरून चाला.

शेवटच्या दिवसांत भूक जाते. अंगच अन्न नाकारतं, तेव्हा बळजबरीने भरवल्याने त्रासच वाढतो. मी ओला कापूस पिळून आईच्या ओठांवरून फिरवायचे. आणि निघताना 'आत्ता येते' म्हणून सटकणं मी तोवर सोडलं होतं. खरं सांगायचे, "माय, मी जाते, गुरुवारी येईन." ती बोट घट्ट धरून ठेवायची. सुटेपर्यंत मी बसून राहायचे, एसटी चुकली तरी.