कॅम्परव्हॅन सौरऊर्जेवर चालवायची तर: निघण्यापूर्वीची तयारी

कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा गाडीच्या, छतावर किती वॅटचे पॅनेल लावावे हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो, पण त्याचे उत्तर तयारीच्या मध्यावर येऊन मिळते. आधी वही घ्यावी, गाडीत चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाचे वॅट त्याच्या मागच्या पट्टीवरून वाचून उतरवावेत आणि ते दिवसात खरोखर किती तास चालणार आहे हे समोर मांडावे. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट-तास, आणि हजार वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. बारा व्होल्टवर चालणारा लहान कॉम्प्रेसर फ्रिज साधारण 50 वॅट घेतो; तो दिवसभर सलग चालत नाही, तरी उष्ण हवेत बारा तास धरले तर 600 वॅट-तास एकट्या फ्रिजचे झाले. पाच-पाच वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास जळले की 100, तीस वॅटचा पंखा रात्रभर म्हणजे आठ तास फिरला की 240, लॅपटॉपचे तीन तासांचे 180, दोन फोनचे मिळून 30 आणि पाण्याच्या पंपाचे जेमतेम 15. बेरीज 1165 होते. त्यात तारांमधली आणि इन्व्हर्टरमधली (बॅटरीची वीज घरगुती विजेसारखी करून देणाऱ्या यंत्रातली) गळती म्हणून पंधरा टक्के मिळवले की रोजची गरज सुमारे 1350 वॅट-तास ठरते.

या यादीतून उष्णता निर्माण करणारी उपकरणे वेगळी काढावीत, कारण सगळा हिशेब बिघडवणारी तीच असतात. दहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जवळजवळ 290 वॅट-तास लागतात, म्हणजे फ्रिजच्या अर्ध्या दिवसाची वीज एका आंघोळीत संपते. दोन हजार वॅटचा इंडक्शन वीस मिनिटे चालला तर साडेसहाशेच्या पुढे जातो. एसीबद्दल तर स्पष्टच सांगायला हवे: हजार वॅटचा एसी रात्रभर चालवण्याइतकी वीज व्हॅनच्या छतावर मावणाऱ्या पॅनेलांतून मिळत नाही. स्वयंपाक आणि गरम पाणी गॅसवर ठेवावे आणि थंडाव्यासाठी सावलीत उभे राहण्याची जागा व चांगला पंखा यांवर भिस्त ठेवावी, असे माझे मत आहे. मिक्सरची मात्र उगाच भीती बाळगली जाते. पाचशे वॅटचा मिक्सर पाच मिनिटे फिरला तर चाळीस-पंचेचाळीस वॅट-तासच खातो.

गरज कळली की बॅटरी ठरवावी. 12.8 व्होल्ट आणि 100 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 1280 वॅट-तास साठवते आणि त्यातले ऐंशी टक्के निर्धास्त वापरता येतात. अशा दोन घेतल्या तर सूर्य अजिबात न दिसताही वरची गरज दीड दिवस भागते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, तशी उतरवत राहिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे तेवढ्याच उपयोगासाठी साधारण 340 अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या लागतील आणि त्यांचे वजन शंभर किलोच्या आसपास जाईल. लिथियमच्या दोन बॅटऱ्या सुमारे पंचवीस किलोंत बसतात. लिथियमचे पथ्य एकच, पण कडक आहे: शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नये. थंड प्रदेशात जायचे असल्यास बॅटरी गाडीच्या आतच ठेवावी आणि तिच्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये, कमी तापमानाला चार्जिंग थांबवण्याची सोय आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

आता पॅनेल. त्यावर छापलेले वॅट प्रयोगशाळेतल्या 25 अंशांचे असतात, आणि उन्हात छतावर तापलेला सेल सहज 65 अंशांवर जातो. दर अंशाला 0.35 टक्के घट धरली तरी चौदा टक्के तिथेच गेले. शिवाय व्हॅनवरचे पॅनेल सपाट पडलेले असते, सूर्याकडे कललेले नसते. म्हणून छापील आकड्याच्या सत्तर टक्केच हाती येतील असे मानून चालावे. दिवसाला साडेचार तासांचे पूर्ण ऊन गृहीत धरले, तर 1350 वॅट-तासांसाठी सव्वाचारशे ते साडेचारशे वॅटची पॅनेल लागतात. हिवाळ्यात, तिरप्या उन्हात, पॅनेलांतून मिळणारी वीज निम्म्यावर येऊ शकते, तेव्हा चालत्या इंजिनाच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर सोबत बसवून घ्यावा. पॅनेल आणि छत यांच्यामध्ये हवा खेळण्यासाठी दोन-तीन सेंटिमीटरची फट ठेवावी.

पॅनेल कायमचे बसवण्यापूर्वी ते छतावर नुसते ठेवून दिवसभर सावल्या पाहाव्यात. आमच्या गाडीवर हवा खेळवणाऱ्या झडपेचे झाकण सकाळी उघडले की त्याची तळहाताएवढी सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडत असे, आणि तेवढ्यानेही त्या पॅनेलची वीज निम्म्याजवळ घसरे. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक माळेसारखे जोडलेले असतात. एक सेल झाकला गेला की बायपास डायोड तिथला अख्खा गट वगळून प्रवाहाला वाट करून देतो. झाडाखाली मुक्काम आणि छतावर वीज, दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत. जमल्यास एक घडीचे पॅनेल लांब तारेसह जवळ ठेवावे, म्हणजे गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात राहील.

पॅनेलची वीज बॅटरीला सोसेल अशी करून देणारा चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा, घ्यावा आणि त्याची व्होल्टेजची मर्यादा पॅनेलच्या खुल्या व्होल्टेजशी (काहीही न जोडता मिळणाऱ्या व्होल्टेजशी) ताडून पाहावी. बावीस व्होल्टची दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडली की 44 होतात, पण थंडीत व्होल्टेज वाढते आणि गोठणाऱ्या पहाटे ते 48 च्या घरात जाते. अशा जोडणीवर 50 व्होल्टचा कंट्रोलर लावणे म्हणजे कडेलोटाच्या टोकावर उभे राहणे होय. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, सोडवताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी, हा क्रम मोडू नये.

तारांवर काटकसर करण्याचा मोह फार होतो. बारा व्होल्टवर दहा अँपिअर पाच मीटर अंतरावर न्यायचे असतील, तर जाऊन-येऊन तार दहा मीटर होते, ती 2.5 चौरस मिलिमीटरची असल्यास 0.7 व्होल्ट वाटेतच जातात आणि फ्रिज बॅटरी भरलेली असतानाही कमी व्होल्टेज म्हणून बंद पडतो. तीच तार 6 चौरस मिलिमीटरची घेतली की घट 0.3 व्होल्टच्या आत येते. 1500 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला बॅटरीतून सुमारे 140 अँपिअर खेचतो, म्हणून तो बॅटरीला खेटून बसवावा, त्याच्या जाड केबलच्या टोकांचे लग (धातूच्या कड्या) योग्य क्रिम्पिंग हत्याराने दाबून घ्यावेत आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. त्याचा आकडा तारेची जाडी पाहून ठरवावा.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा, असावा, आणि त्याचे चालू-बंद करण्याचे बटण हाताशी यावे. पहिल्या मुक्कामात मी फोनचा चार्जर लावण्यासाठी तो चालू केला आणि तसाच झोपलो. रिकामा असतानाही इन्व्हर्टर पंधरा-वीस वॅट घेत राहतो, दिवसाला 360 किंवा त्याहून अधिक. फोनने जेवढे घेतले त्याच्या दहापट. तेव्हापासून फोन, दिवे, पंखा, सारे बारा व्होल्टवरच चालते आणि इन्व्हर्टर कामापुरता चालू होतो. बॅटरीत किती शिल्लक आहे हे लिथियमच्या व्होल्टेजवरून समजत नाही, कारण ते बराच काळ जवळजवळ स्थिर असते, म्हणून शंटचा, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा, बॅटरी मॉनिटर बसवून घ्यावा.

छतात केबलसाठी पाडलेले छिद्र ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारे बूच) आणि सीलंट लावून बंद केल्यावर त्यावर पाण्याचा पाइप दहा मिनिटे धरावा आणि आतून बोट फिरवून ओल पाहावी. मग गाडी दारातच उभी ठेवून, बाहेरची वीज न घेता दोन दिवस आत राहावे, रोज सकाळी आणि संध्याकाळी मॉनिटरचा आकडा वहीत लिहावा आणि पहिल्या यादीशी ताडावा. पंखा आणि फ्रिज यांचे आकडे हमखास बदलतात. निघताना मल्टीमीटर, प्रत्येक मापाचे दोन-दोन सुटे फ्यूज, पॅनेलवरची धूळ पुसण्यासाठी मऊ कापड आणि जोडणीचा हाताने काढलेला नकाशा घ्यावा, आणि तो नकाशा बॅटरीच्या कप्प्याच्या झाकणावर आतल्या बाजूने चिकटवून ठेवावा.