लोकलमधला तास
कल्याणहून मुंबईला जलद लोकलनेही जवळपास तासभर लागतो आणि सकाळच्या गर्दीत पुस्तक उघडण्याइतकीही जागा मिळत नाही, म्हणून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या नोकरदारांनी तो वेळ केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवावा. आदल्या रात्री आपली टिपणे मोठ्याने वाचून मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित केली, तर वाटेत नेटवर्क गेले तरी उजळणी थांबत नाही. शिवाय वाचतानाच एक उजळणी होऊन जाते, आणि हा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. एका प्रवासाला एकच प्रकरण पुरे. एक कान मात्र उद्घोषणांसाठी मोकळा असावा. परतताना दमलेल्या डोक्यावर नवा विषय लादू नये. बसायला मिळालेच, तर वीजबिल भरण्यासारखी किरकोळ कामे उरकून घ्यावीत.