अंधारात फोटो काढण्याची तयारी: आधी फोकस, मग फ्लॅश

कमी उजेडातला फोटो बरा येणार की वाईट, हे बहुतेक वेळा फ्लॅश उडण्याआधीच ठरलेलं असतं. कॅमेरा आधी फोकस धरतो आणि फ्लॅश त्यानंतर उडतो, त्यामुळे चुकलेला फोकस कितीही लख्ख फ्लॅशने सुधारत नाही. म्हणून तयारीला फोकसपासूनच लागा.

मेनूमध्ये एएफ असिस्ट (अंधारात फोकस धरायला मदत करणारा दिवा) नावाची सेटिंग शोधा आणि ती चालू आहे याची खात्री करा. बटण अर्धं दाबलं की लेन्सशेजारचा छोटा केशरी किंवा हिरवा दिवा लागतो, तो हाच. कॅमेरा हातात धरून बघा, बोट या दिव्यावर किंवा फ्लॅशवर तर येत नाही ना? फोटो बिघडायला फार वेळा तेवढंच कारण असतं. दिव्याचा उजेड काही मीटरच पोचतो, लांबच्या माणसासाठी त्याचा उपयोग नाही. बहुतेक छोटे कॅमेरे उजेड-सावलीतला फरक पाहून फोकस करतात. कोरी भिंत किंवा काळं कापड समोर असलं की लेन्स नुसती पुढे-मागे होत राहते. अशा वेळी कॉलरची किनार, चष्म्याची काडी, कपड्यावरचे पट्टे अशी ठळक कड धरा. ती माणसाइतक्याच अंतरावर हवी. पडद्यावरची फोकसची चौकट हिरवी झाली की बटण अर्धंच दाबून ठेवा, हवी तशी मांडणी करा आणि मगच पूर्ण दाबा. मधल्या वेळात पुढे-मागे सरकू नका. हा सराव घरी दिवा मालवून आधीच करून ठेवा, कार्यक्रमात शिकायला सवड मिळत नाही.

झूम शक्यतो टाळा. झूम केल्यावर बऱ्याच लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र लहान होतं; ते एफ २.८ वरून एफ ५.६ वर गेलं (एफचा आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान) की आत येणारा प्रकाश एक चतुर्थांशच उरतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, तोच ठेवला तर चार मीटर पोचणारा फ्लॅश दोनच मीटर पोचतो. त्यापेक्षा दोन पावलं जवळ जा, पण अगदी चिकटूनही नको. फार जवळून चेहरा पांढराफटक पडतो, मग फ्लॅशची तीव्रता कमी करा.

मागची रोषणाईही दिसायला हवी असेल तर स्लो सिंक निवडा. यात शटर जास्त वेळ उघडं राहतं, म्हणून कॅमेरा टेकवायला जागा बघून ठेवा आणि समोरच्यांना फ्लॅश उडाल्यावरही क्षणभर हलू नका असं सांगा. फोटोत डोळे लाल येऊ नयेत म्हणून असलेल्या रेड-आय मोडमध्ये आधी एक-दोनदा प्रकाश चमकतो, त्याने बाहुल्या आकुंचन पावतात. लोकांना वाटतं फोटो झाला, आणि ते मान वळवतात. घाईच्या प्रसंगी हा मोड मी बंदच ठेवते.

बॅटरी पूर्ण चार्ज करा, शक्य असेल तर एक जादाची जवळ ठेवा. बॅटरी उतरू लागली की फ्लॅश पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ घेतो. लेन्स आणि फ्लॅशची काच मऊ कापडाने पुसा. समोर काच असेल तर तिरकं उभं राहा, नाहीतर फ्लॅशचा झोत सरळ फोटोत उतरतो.

नाटक चालू असेल किंवा बाळ झोपलेलं असेल तर फ्लॅश बंद करा, आणि फोकसचा दिवाही आठवणीने बंद करा. फ्लॅश बंद केला म्हणून तो आपोआप बंद होतोच असं नाही.